डबीवर 'सेरेमोनियल' लिहिलंय म्हणून माचा चांगला असतो का? घ्यायचा कसा, फेटायचा कसा?

रीलमध्ये हिरवागार फेस दिसतो. आपण ऑनलाइन डबी मागवतो आणि घरी तयार होतो गाठी झालेला कडू काढा. नांदेड-लातूरकडे चहा म्हणजे खळखळून उकळलेला, त्यामुळे हात आपोआप तिकडेच जातो. माचा मात्र उकळायचा नसतो.

पण आधी डबीचं बघू. 'सेरेमोनियल ग्रेड' या शब्दांना जपानमध्ये कोणतंही सरकारी मानक नाही. ते कुणीही छापू शकतं. जपानी चहावाले माचा कशासाठी आहे ते सांगतात: घट्ट चहासाठी, म्हणजे 'कोइचा', की पातळ चहासाठी, म्हणजे 'उसुचा'. नुसत्या पाण्यात प्यायचा असेल तर उसुचाचा घ्या. उजी, निशिओ, यामे, कागोशिमा असं गावाचं किंवा भागाचं नाव आहे का, दळल्याची किंवा पॅकिंगची तारीख आहे का, हे पाहा. घटकांमध्ये फक्त माचा हवा. साखर किंवा दूध पावडर दिसली तर ते लाटेचं प्रीमिक्स आहे.

रंगही बरंच सांगतो. तोडणीआधी साधारण तीन आठवडे किंवा जास्त काळ झाडांवर आच्छादन घालतात. सावलीमुळे पानं गडद हिरवी होतात आणि चव गोडसर राहते. मग पानं वाफवून, वाळवून, देठ-शिरा काढून दळतात. दगडी जात्यातून तासाला जेमतेम 30-40 ग्रॅम निघतो. म्हणजे महाग असण्याला कारण आहे, आणि अगदी स्वस्तात 'सेरेमोनियल' मिळत असेल तर शंका घ्यायलाही. पिवळट किंवा शेवाळी रंगाची पावडर जुनी तरी असते किंवा हलकी तरी.

मे महिन्यात मागवत असाल तर जरा थांबा. चाळीस अंशांच्या उन्हात कुरिअरच्या गाडीत पडून राहिलेली डबी रंग आणि वास दोन्ही गमावते. घरी आल्यावर ती घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, नाहीतर आत दमट हवा जाऊन गाठी होतात. एकदा उघडली की महिनाभरात संपवा.

आता आपल्याकडची खरी अडचण, पाणी. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आजही अनेक घरांत बोअरचंच पाणी असतं आणि ते जड असतं. जड पाण्यात माचाची चव दबते, फेसही नीट येत नाही. आरओचं किंवा जारचं पाणी वापरा.

दोन ग्रॅम, म्हणजे सपाट छोटा चमचाभर माचा चहाच्या गाळणीतून रुंद वाटीत चाळून घ्या. ही पायरी गाळली की गाठी ठरलेल्या. पाणी साधारण 60-70 मिली, 75-80 अंशांचं. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी एका कपातून दुसऱ्यात दोनदा ओता, तेवढं निवतं. मग बांबूच्या 'चासेन'ने गोल न ढवळता पुढे-मागे, इंग्रजी डब्ल्यूसारखं, 15-20 सेकंद भरभर फेटा. ताकाची रवी चालणार नाही, वाटीत मावतच नाही. बॅटरीचा छोटा फ्रॉदर चालतो.

नीटच्या अभ्यासासाठी रात्री पिणाऱ्यांनो, एका वाटीत साधारण 40 ते 80 मिलिग्रॅम कॅफिन असतं. झोप उडतेच. लोहाच्या गोळ्या सुरू असतील तर गोळी आणि माचा यांत एक-दोन तासांचं अंतर ठेवा.