कबुलीजबाबाच्या आधीचे तास : ‘द सेंट्रल पार्क फाइव्ह’ या माहितीपटाचा अध्यापनातील उपयोग

प्रस्तावना

पोलिसांचे गैरवर्तन आणि वांशिक अन्याय हे विषय महाविद्यालयीन वर्गात बहुधा व्याख्यांपासून सुरू होतात आणि तेथेच संपतात. माहितीपटामुळे विद्यार्थी पुराव्यासमोर बसतो. मात्र पडद्यावर दिसते तेच सत्य, ही समजूत त्यातून अधिक दृढ होण्याचाही धोका असतो. केन बर्न्स, सारा बर्न्स व डेव्हिड मॅकमॅहन यांचा २०१२ सालचा ‘द सेंट्रल पार्क फाइव्ह’ हा माहितीपट याच समजुतीची परीक्षा घेतो.

प्रकरणाची पार्श्वभूमी

१९ एप्रिल १९८९ च्या रात्री न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावण्यासाठी गेलेल्या एका गौरवर्णीय तरुणीवर बलात्कार व प्राणघातक हल्ला झाला. पोलिसांनी १४ ते १६ वर्षे वयाच्या पाच मुलांना आरोपी केले. त्यांपैकी चार कृष्णवर्णीय व एक लॅटिनो होता. कित्येक तासांच्या चौकशीनंतर चौघांचे कबुलीजबाब चित्रफितीवर नोंदविण्यात आले. त्या जबाबांत परस्परविसंगती होती. घटनास्थळी मिळालेला डीएनए पाचांपैकी कोणाशीही जुळला नाही. वृत्तपत्रांनी मात्र या मुलांना ‘लांडग्यांची टोळी’ ठरविले होते. १९९० मध्ये पाचही जण दोषी ठरले.

२००२ मध्ये मातियास रेयेस या दुसऱ्याच कैद्याने आपण एकट्यानेच हा गुन्हा केल्याचे सांगितले आणि त्याचा डीएनए जुळला. सरकारी वकिलांच्या शिफारशीनंतर १९ डिसेंबर २००२ रोजी न्यायालयाने पाचांच्या शिक्षा रद्द केल्या. तोपर्यंत पाचांनीही अनेक वर्षे कैदेत काढली होती.

माहितीपटाची रीत

या माहितीपटात निवेदक नाही. पाचही जण स्वतः बोलतात; त्यांपैकी एकाचा केवळ आवाज ऐकू येतो. कबुलीजबाबाची चित्रफीत प्रथम पाहणाऱ्यास ती निर्णायक वाटते. परंतु कॅमेरा सुरू होण्यापूर्वीच्या चौकशीचे चित्रण झालेलेच नव्हते. जबाब दिला की घरी जाता येईल, असा आपला समज करून देण्यात आला होता, असे ते सांगतात. त्यानंतर तीच चित्रफीत वेगळी दिसू लागते. विसंगतींमुळे साशंक असूनही अखेर बहुमताबरोबर गेलेल्या एका ज्युरी सदस्याची मुलाखतही यात आहे.

वर्गातील उपयोग

सुमारे दोन तासांचा हा माहितीपट एका तासिकेत मावत नाही; तो तीन टप्प्यांत दाखविणे सोयीचे ठरते. पहिल्या टप्प्यात केवळ कबुलीजबाबाचा भाग दाखवून विद्यार्थ्यांकडून लेखी मत घ्यावे. दुसऱ्या टप्प्यात चौकशीविषयीच्या मुलाखती दाखवून ‘चित्रफितीत काय नाही?’ हा प्रश्न विचारावा. तिसऱ्या टप्प्यात हाच प्रश्न खुद्द माहितीपटास लावावा. पोलीस व सरकारी वकील यांनी त्यात सहभाग घेतलेला नाही. २००३ मध्ये पोलीस आयुक्तांनी नेमलेल्या समितीने पोलिसांकडून गैरवर्तन झाले नसल्याचा निष्कर्ष काढला होता. ही बाजूही विद्यार्थ्यांपुढे यावी आणि डीएनएच्या पुराव्याशी ती ताडून पाहिली जावी.

येथे कायद्यातील फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे. भारतात पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सर्वसाधारणपणे ग्राह्य धरला जात नाही. १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम २५ मधील हे तत्त्व २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. न्यूयॉर्कमध्ये असा जबाब ग्राह्य असल्यामुळेच चौकशीच्या खोलीत काय घडले, हा प्रश्न निर्णायक ठरला.

परिणाम व मर्यादा

या मुलांची निर्दोषता माहितीपटाने सिद्ध केली नाही. शिक्षा दहा वर्षे आधीच रद्द झाल्या होत्या. पाचांनी २००३ मध्ये केलेला नुकसानभरपाईचा दावा मात्र प्रलंबित होता. त्यासाठी शहर प्रशासनाने माहितीपटाचे न वापरलेले चित्रण मागितले; २०१३ मध्ये न्यायालयाने ती मागणी फेटाळली. २०१४ मध्ये शहराने चूक मान्य न करता सुमारे ४.१ कोटी डॉलर देऊन दावा मिटविला. २०१८ पासून न्यूयॉर्क राज्यात गंभीर गुन्ह्यांतील कोठडीतील चौकशीचे चित्रण कायद्याने बंधनकारक झाले.

समारोप

या घडामोडींचे श्रेय एका माहितीपटास देता येणार नाही. त्याचे शैक्षणिक मूल्य वेगळे आहे. कोणतेही चित्रण पाहताना, मग ते पोलिसांचे असो वा दिग्दर्शकाचे, कॅमेरा केव्हा सुरू झाला आणि तो कोणी सुरू केला, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यास लागली, तर अध्यापकाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.