वाचलेलं लक्षात राहत नाही? पुस्तक मिटा आणि सारांश लिहा

सातपूर : दिंडोरी, पेठ, त्र्यंबकेश्वर भागातली अनेक मुलं सातपूरला आयटीआयमध्ये शिकतात, एमआयडीसीत काम करतात. काही जण ड्युटी सांभाळून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवीही करतात. अभ्यासाला मिळतो जेमतेम तासभर. त्यात धडा तीनदा वाचूनही पेपरात आठवत नसेल, तर चूक डोक्याची नाही, पद्धतीची आहे.

पुन्हा पुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा वाटतो. पण ओळखीचा वाटणं वेगळं आणि न बघता आठवणं वेगळं.

अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे तपासून पाहिलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र चित्र उलटलं: वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

म्हणूनच पुस्तकातली वाक्यं वहीत उतरवली की झाला सारांश, असं नाही. ती फक्त नक्कल. खरा सारांश पुस्तक मिटून, आपल्या शब्दांत लिहायचा.

कसा लिहायचा?

१. एका वेळी एकच भाग वाचा. अख्खा धडा नको.

२. पुस्तक मिटा. मुख्य मुद्दा काय, त्याचं कारण काय, उदाहरण कोणतं, हे चार-पाच ओळींत लिहा. दहावीच्या मराठीत उताऱ्याचा सारांश एक तृतीयांश लिहायला सांगतात, तेच माप धरा.

३. पुस्तक उघडून ताडून बघा. सुटलेलं लाल पेनाने लिहा. तीच तुमची कच्ची जागा.

४. दोन दिवसांनी आणि आठवड्याने वही न बघता पुन्हा सांगून बघा.

समजा, इलेक्ट्रिशियन ट्रेडचा विद्यार्थी ओहमचा नियम वाचतोय. पुस्तकात व्याख्या लांबलचक असते. त्याने वहीत लिहावं : ‘तापमान आणि रोध तोच ठेवून व्होल्टेज दुप्पट केलं, तर करंटही दुप्पट.’ एवढं स्वतःच्या शब्दांत जमलं, म्हणजे नियम समजला. नाही जमलं, तर तो भाग पुन्हा वाचायचा.

सुरुवातीला वेळ जास्त लागतो, चुकाही होतात. पण कुठे अडतंय ते परीक्षेआधीच कळतं. वही नसेल तर बसमध्ये मनातल्या मनात सांगा, नाहीतर घरी आईला समजावून सांगा. तिला कळलं, तर तुम्हालाही कळलंय.