मिडलबरी महाविद्यालयातील विद्यार्थी पर्यावरण चळवळ

मिडलबरी महाविद्यालयातील विद्यार्थी पर्यावरण चळवळ ही अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील मिडलबरी महाविद्यालयात एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून विद्यार्थ्यांनी चालवलेली चळवळ आहे. परिसरातील ऊर्जावापर, अन्न, बांधकाम आणि संस्थेची गुंतवणूक ही तिची मुख्य कार्यक्षेत्रे होत. विद्यार्थ्यांच्या प्रस्तावावरून महाविद्यालयाच्या विश्वस्त मंडळाने इ.स. २००७ मध्ये कार्बन तटस्थतेचे उद्दिष्ट स्वीकारले आणि ते साध्य झाल्याची घोषणा २०१६ मध्ये केली. हवामानबदलाविरोधात जगभर काम करणारी ३५०.ऑर्ग ही संघटनाही याच महाविद्यालयातील मित्रांच्या गटातून उभी राहिली. जीवाश्म इंधन कंपन्यांतील गुंतवणूक काढून घेण्याची मागणी मात्र मान्य होण्यास सहा वर्षांहून अधिक काळ लागला.

== पार्श्वभूमी ==

मिडलबरी महाविद्यालयाची स्थापना इ.स. १८०० मध्ये झाली. पूर्वेला ग्रीन माउंटन्स आणि पश्चिमेला अ‍ॅडिराँडॅक पर्वतरांग यांच्या मधल्या शॅम्प्लेन खोऱ्यात, मिडलबरी याच नावाच्या लहान गावात ते वसले आहे. भोवतालचा प्रदेश दुग्धव्यवसायाचा आणि जंगलांचा आहे. येथे प्रामुख्याने पदवीपूर्व शिक्षण दिले जाते. विद्यार्थिसंख्या सुमारे अडीच ते तीन हजार असून बहुतेक विद्यार्थी परिसरातच राहतात. त्यामुळे वसतिगृहे, भोजनगृहे, वर्ग आणि प्रयोगशाळा यांना लागणारी उष्णता व वीज हा संस्थेच्या खर्चातील मोठा भाग असतो. व्हरमाँटमधील दीर्घ आणि कडक हिवाळ्यामुळे उष्णतेची गरज विशेष जाणवते.

महाविद्यालयाचा निसर्गाशी असलेला संबंध जुना आहे. स्थानिक प्रकाशक जोसेफ बॅटेल यांनी डोंगरउतारांवरील झाडे तोडली जाऊ नयेत म्हणून आयुष्यभर जंगले विकत घेतली आणि १९१५ मध्ये मृत्यूसमयी त्यांतील मोठा भाग महाविद्यालयाच्या नावे केला. यातील बरीचशी जमीन पुढे ग्रीन माउंटन राष्ट्रीय वनात समाविष्ट झाली. ब्रेड लोफ परिसरातील जमीन महाविद्यालयाकडेच राहिली. १९६५ मध्ये येथे पर्यावरण अभ्यासाचा पदवीपूर्व अभ्यासक्रम सुरू झाला. तो या विषयातील अमेरिकेतील सर्वांत जुना अभ्यासक्रम मानला जातो. हवामानबदलावरील आरंभीच्या लोकप्रिय ग्रंथांपैकी 'द एंड ऑफ नेचर' (१९८९) या ग्रंथाचे लेखक बिल मॅककिबन २००१ पासून निवासी अभ्यासक म्हणून महाविद्यालयाशी जोडले गेले.

== संडे नाइट ग्रुप ==

जानेवारी २००५ मध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक जॉन आयशम यांनी हवामान चळवळीची उभारणी या विषयावर हिवाळी सत्रातील एक वर्ग घेतला. वर्ग संपल्यावरही विद्यार्थी दर रविवारी रात्री एकत्र जमत राहिले आणि त्यातून 'संडे नाइट ग्रुप' हा गट तयार झाला. बैठक सर्वांना खुली होती आणि गटाला ठरावीक पदाधिकारी नव्हते. कोणीही एखादी कल्पना मांडावी आणि ज्यांना ती पटेल त्यांनी मिळून ती तडीस न्यावी, अशी कामाची पद्धत होती.

या रचनेमागे एक व्यावहारिक कारण होते. पदवीपूर्व विद्यार्थी चार वर्षांनी महाविद्यालय सोडतो, तर इमारती, बॉयलर आणि गुंतवणूक यांविषयीचे निर्णय दशकांचा विचार करून घेतले जातात. एकाच नेत्यावर अवलंबून असलेले काम तो पदवीधर होताच थांबण्याचा धोका असतो. दर आठवड्याच्या खुल्या बैठकीमुळे नवागत विद्यार्थ्यांना चालू कामात सामील होता येत असे.

== कार्बन तटस्थतेचा ठराव ==

विद्यार्थ्यांच्या 'मिडशिफ्ट' या गटाने २००६-०७ मध्ये महाविद्यालयाच्या हरितगृह वायू उत्सर्जनाचा अभ्यास करून कार्बन तटस्थतेचा प्रस्ताव तयार केला. कार्बन तटस्थता म्हणजे संस्थेच्या कामकाजातून होणारे उत्सर्जन शक्य तितके कमी करणे आणि उरलेल्या उत्सर्जनाइतका कार्बन अन्य मार्गाने शोषला किंवा टाळला जाईल याची व्यवस्था करणे. प्रस्तावात केवळ आवाहन नव्हते. कोणत्या उपायाने किती उत्सर्जन घटेल आणि त्याला किती खर्च येईल, याची मांडणी त्यात होती. मे २००७ मध्ये विश्वस्त मंडळाने २०१६ पर्यंत कार्बन तटस्थ होण्याचा ठराव संमत केला. त्या वेळी रोनाल्ड लीबोविट्झ महाविद्यालयाचे अध्यक्ष होते.

=== बायोमास प्रकल्प ===

महाविद्यालयाच्या उत्सर्जनात सर्वांत मोठा वाटा इमारती तापवण्यासाठी जाळल्या जाणाऱ्या जड इंधन तेलाचा होता. वर्षाला सुमारे वीस लाख गॅलन, म्हणजे अंदाजे ७५ लाख लिटर तेल लागत असे. त्याला पर्याय म्हणून सुमारे १.२ कोटी डॉलर खर्चून बायोमास वायूकरण प्रकल्प उभारण्यात आला. तो फेब्रुवारी २००९ मध्ये कार्यान्वित झाला.

या प्रकल्पात लाकडाचे बारीक तुकडे कमी प्राणवायूत तापवले जातात. त्यातून निघणारा ज्वलनशील वायू पुढच्या टप्प्यात पेटवून बॉयलरमध्ये वाफ तयार केली जाते. ही वाफ टर्बाइनमधून नेऊन थोडी वीज मिळवली जाते आणि नंतर तीच वाफ भूमिगत नळांतून इमारतींकडे जाते. प्रकल्पाला वर्षाला वीस हजार टनांहून अधिक लाकूड लागते. ते आसपासच्या प्रदेशातून खरेदी करण्याचे धोरण ठेवल्याने इंधनावरील खर्चाचा मोठा भाग स्थानिक अर्थव्यवस्थेत राहिला. प्रकल्पामुळे तेलाचा वापर साधारण निम्म्यावर आला. इंधनासाठी जलद वाढणाऱ्या विलो झुडपांची लागवड करण्याचा प्रयोगही महाविद्यालयाच्या पडीक शेतजमिनीवर करण्यात आला.

=== वनसंरक्षण आणि घोषणा ===

महाविद्यालयाने २०१४ मध्ये ब्रेड लोफ येथील सुमारे २,१०० एकर जमीन कायमस्वरूपी संरक्षण कराराखाली आणली. या जंगलात साठवल्या जाणाऱ्या कार्बनचे श्रेय हिशेबात धरून उरलेले उत्सर्जन भरून निघाल्याचे मानण्यात आले. डिसेंबर २०१६ मध्ये महाविद्यालयाने कार्बन तटस्थता साध्य झाल्याचे जाहीर केले.

== परिसरातील इतर उपक्रम ==

* '''सेंद्रिय शेत:''' २००२-०३ च्या सुमारास विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने परिसराच्या पश्चिमेकडील टेकाडावर सेंद्रिय शेत सुरू झाले. 'द नोल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शेतात विद्यार्थी भाजीपाला पिकवतात. विविध विषयांचे वर्गही तेथे भरतात.
* '''सौरगृहे:''' अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या सोलर डेकॅथलॉन स्पर्धेत विद्यापीठांचे संघ केवळ सौरऊर्जेवर चालणारे घर स्वतः आखून बांधत असत. मिडलबरीत वास्तुरचना किंवा अभियांत्रिकीची स्वतंत्र शाळा नाही. तरीही २०११ च्या स्पर्धेत येथील विद्यार्थ्यांच्या 'सेल्फ-रिलायन्स' या घराला चौथे स्थान मिळाले. न्यू इंग्लंडमधील उतरत्या छपराच्या पारंपरिक शेतघरावर त्याची रचना बेतली होती. २०१३ च्या स्पर्धेतही महाविद्यालयाचा संघ उतरला. पुढे ही घरे परिसरात आणून विद्यार्थ्यांच्या निवासासाठी वापरण्यात आली.
* '''पर्यावरण केंद्र:''' हिलक्रेस्ट या एकोणिसाव्या शतकातील घराचे नूतनीकरण करून २००७ मध्ये तेथे पर्यावरण केंद्र सुरू झाले. या इमारतीला हरित बांधकामाचे 'लीड प्लॅटिनम' प्रमाणपत्र मिळाले.
* '''कचरा व्यवस्थापन:''' भोजनगृहांतील अन्नकचऱ्यापासून कंपोस्ट खत करण्याची व्यवस्था १९९० च्या दशकापासून आहे. हे काम विद्यार्थी चळवळीच्या आधीचे असून ते महाविद्यालयाच्या कर्मचाऱ्यांनी उभे केले.

== परिसराबाहेरील प्रभाव ==

२००६ च्या उन्हाळ्याअखेरीस मॅककिबन, विद्यार्थी आणि स्थानिक रहिवासी यांनी रिप्टन येथील कवी रॉबर्ट फ्रॉस्ट यांच्या कुटीपासून बर्लिंग्टन शहरापर्यंत पाच दिवसांची पदयात्रा काढली. शेवटच्या टप्प्यात सुमारे हजार लोक सहभागी झाले होते. या यात्रेनंतर मॅककिबन आणि मिडलबरीतील तरुणांच्या एका लहान गटाने 'स्टेप इट अप' ही मोहीम आखली. १४ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत मिळून सुमारे १,४०० ठिकाणी कार्यक्रम झाले. २०५० पर्यंत देशाचे कार्बन उत्सर्जन ८० टक्क्यांनी घटवावे, ही त्यांची मागणी होती.

याच गटाने २००८ मध्ये ३५०.ऑर्गची स्थापना केली. वातावरणातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत ३५० भागांपेक्षा अधिक असू नये, या हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांच्या प्रतिपादनावरून संघटनेला हे नाव मिळाले. २४ ऑक्टोबर २००९ रोजी तिच्या आवाहनावरून १८१ देशांत पाच हजारांहून अधिक कार्यक्रम झाले. संस्थापकांपैकी मे बोव्ह यांनी पुढे अनेक वर्षे कार्यकारी संचालक म्हणून संघटनेचे नेतृत्व केले.

== निर्गुंतवणुकीची मागणी ==

अमेरिकेतील खासगी महाविद्यालये देणग्यांतून उभा राहिलेला स्थायी निधी शेअर बाजारात व अन्यत्र गुंतवतात आणि त्याच्या उत्पन्नातून शिष्यवृत्त्या व वेतनाचा काही भाग भागवतात. परिसरातील तेलाचा वापर निम्म्यावर आणणारी संस्था तेल कंपन्यांच्या नफ्यावर अवलंबून कशी राहू शकते, असा प्रश्न विद्यार्थ्यांनी उपस्थित केला.

ऑक्टोबर २०१२ मध्ये दलाई लामा यांच्या भेटीच्या सुमारास काही विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाच्या नावाने एक बनावट निवेदन प्रसृत केले. महाविद्यालयाने शस्त्रास्त्र आणि जीवाश्म इंधन क्षेत्रांतील गुंतवणूक काढून घेतली असल्याचे त्यात म्हटले होते. संबंधित विद्यार्थ्यांवर शिस्तभंगाची कार्यवाही झाली. मात्र या प्रकरणामुळे निधीच्या गुंतवणुकीवर उघड चर्चा सुरू झाली. सुमारे ३.६ टक्के निधी जीवाश्म इंधन कंपन्यांत असल्याचे डिसेंबर २०१२ मध्ये महाविद्यालयाने जाहीर केले. विश्वस्त मंडळाने ऑगस्ट २०१३ मध्ये निर्गुंतवणुकीस नकार दिला. निधीचे व्यवस्थापन बाहेरील व्यवस्थापकांकडे असून तो अनेक संयुक्त निधींत विखुरलेला असल्याने ठरावीक कंपन्या वगळणे अवघड आहे आणि उत्पन्नावर परिणाम होऊ शकतो, अशी विरोधी बाजू होती.

मागणी करणारे विद्यार्थी पदवी घेऊन गेले, तरी नव्या तुकड्यांनी ती लावून धरली. २०१८ मध्ये झालेल्या विद्यार्थी सार्वमतात सुमारे ८० टक्के मतदारांनी निर्गुंतवणुकीच्या बाजूने कौल दिला.

== एनर्जी २०२८ ==

जानेवारी २०१९ मध्ये विश्वस्त मंडळाने 'एनर्जी २०२८' ही योजना मंजूर केली. संस्कृत वाङ्मयाच्या अभ्यासक आणि भगवद्गीतेच्या इंग्रजी अनुवादक लॉरी पॅटन या वेळी महाविद्यालयाच्या अध्यक्षा होत्या. योजनेत पुढील चार गोष्टींचा समावेश आहे:

# २०२८ पर्यंत मुख्य परिसराची सर्व ऊर्जा नवीकरणीय स्रोतांतून मिळवणे.
# परिसरातील ऊर्जावापर २५ टक्क्यांनी कमी करणे.
# जीवाश्म इंधनातील थेट गुंतवणूक पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवणे.
# या सर्व कामाचा अध्यापनात उपयोग करणे.

खर्चाचे निर्णय घेताना उत्सर्जनाची किंमत धरली जावी म्हणून संस्थेअंतर्गत कार्बन मूल्य लावण्याचेही ठरले. योजनेचा भाग म्हणून जवळच्या सॉल्सबरी गावातील एका दुग्धशाळेत शेण आणि अन्नकचरा यांपासून वायू तयार करणारा प्रकल्प २०२१ मध्ये सुरू झाला. त्यातील वायूचा मोठा भाग महाविद्यालय विकत घेते. विजेच्या गरजेचा सुमारे तीस टक्के भाग भागवण्याच्या अपेक्षेने पाच मेगावॅट क्षमतेचा सौरप्रकल्पही हाती घेण्यात आला.

== टीका आणि मर्यादा ==

कार्बन तटस्थतेच्या दाव्यावरील आक्षेप मुख्यतः हिशेबाच्या पद्धतीविषयी आहेत. लाकूड जाळल्यावर कार्बन डायऑक्साइड लगेच हवेत मिसळतो, परंतु तोडलेल्या झाडांच्या जागी वाढणाऱ्या झाडांना तो पुन्हा शोषून घेण्यासाठी अनेक दशके लागतात. हिशेबात लाकडाचे उत्सर्जन शून्य धरले, तर हा मधला काळ दिसेनासा होतो. लाकूड कोठून आणि कोणत्या प्रकारच्या तोडीतून आले, यावरही उत्तर अवलंबून असते. या पद्धतीच्या समर्थकांच्या मते, कापणीतील टाकाऊ लाकूड वापरल्यास आणि भोवतालचे जंगल वाढते राहिल्यास हे इंधन तेलापेक्षा निश्चितच सरस आहे.

वनसंरक्षणाच्या श्रेयाबाबतही असाच प्रश्न आहे. करार झाला नसता तर ते जंगल खरोखरच तोडले गेले असते का, या प्रश्नाच्या उत्तरावर श्रेयाचे मूल्य ठरते. शतकापूर्वी बॅटेल यांनी झाडे वाचवण्यासाठीच घेतलेल्या आणि महाविद्यालयाने जपलेल्या जमिनीबाबत हा आक्षेप अधिक ठळक होतो. दुसरीकडे, कायदेशीर करारामुळे भविष्यातील विश्वस्तांनाही ती जमीन विकसित करता येणार नाही, हा त्याचा प्रत्यक्ष लाभ आहे. २०१९ च्या योजनेत तटस्थतेऐवजी प्रत्यक्ष ऊर्जावापर घटवणे आणि नवीकरणीय स्रोत वाढवणे यांवर भर देण्यात आला.

== इतर लहान महाविद्यालये ==

लहान निवासी महाविद्यालयांत विश्वस्त, अध्यापक आणि विद्यार्थी यांच्यातील अंतर कमी असते. तसेच ऊर्जाव्यवस्था बहुधा एकाच केंद्रातून चालत असल्याने एका निर्णयाचा परिणाम संपूर्ण परिसरावर होतो. मेन राज्यातील कॉलेज ऑफ द अटलांटिक या संस्थेने २००७ मध्येच कार्बन तटस्थता जाहीर केली होती. कोल्बी महाविद्यालयाने २०१३ मध्ये आणि बोडन महाविद्यालयाने २०१८ मध्ये तशी घोषणा केली. जीवाश्म इंधनातील निर्गुंतवणुकीची विद्यार्थी मोहीम पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोर महाविद्यालयात आधीच सुरू झाली होती, तर २०१२ मध्ये मेनमधील युनिटी महाविद्यालयाने तसा निर्णय प्रत्यक्षात घेतला. व्हरमाँटमधीलच ग्रीन माउंटन कॉलेज हे पर्यावरणकेंद्री अभ्यासक्रमासाठी प्रसिद्ध महाविद्यालय मात्र आर्थिक अडचणींमुळे २०१९ मध्ये बंद पडले. लहान आकार निर्णयप्रक्रियेला सोयीचा असला, तरी संस्थेच्या टिकाऊपणाची हमी देत नाही, हे या उदाहरणावरून दिसते.

== हे सुद्धा पहा ==

* कार्बन तटस्थता
* जीवाश्म इंधन निर्गुंतवणूक
* बायोमास
* बिल मॅककिबन
* व्हरमाँट