खिशातली बॅटरी: लुमेन बघून नाही, काम बघून घ्या



प्रत्येक नव्या बॅचला मी एक प्रश्न हमखास विचारतो. धंद्याला रोज लागतं, पण तुम्ही अजून विकतच घेतलेलं नाही, असं एखादं अवजार आहे का? नावड्याच्या बॅचमध्ये एक इलेक्ट्रिशियन भाऊ पटकन म्हणाले, "सर, बॅटरी." सगळे हसले. ते मात्र हसले नाहीत.

त्यांचं झालं असं. तळोजा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसचं मेंटेनन्सचं काम त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं. गेटवर सिक्युरिटीने मोबाईल जमा करून घेतला. केमिकलच्या पट्ट्यात हे नेहमीचंच आहे. आत जाऊन पॅनेलचं दार उघडलं, मागे अंधार, आणि हात सवयीने खिशात गेला. खिसा रिकामा! इतकी वर्षं ज्याच्या उजेडावर काम चाललं होतं, तो मोबाईल गेटवरच्या खोक्यात. मग कुणाची तरी बॅटरी मागून आणेपर्यंत पाऊण तास गेला, आणि सुपरवायझर शेजारी उभा राहून बघत होता. चारशे-पाचशेच्या वस्तूपायी पहिल्याच दिवशी कारागिराची किंमत उतरली.

(आपल्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि आत घालतो त्याला सेल. इथेही तसंच म्हणतो, उगाच घोळ नको.)

"मोबाईलला लाईट आहे की सर," हे मला दर वेळी ऐकावं लागतं. आहे ना. पण मोबाईल म्हणजे तुमचं दुकान आहे. यूपीआयचे पैसे त्यावर येतात, गिऱ्हाइकाचा फोन त्यावर येतो, साइटचे फोटो त्यात, हिशोब त्यात. असं पंधरा हजारांचं दुकान आपण पाण्याच्या टाकीवर ओणवं होऊन एका हातात धरतो आणि दुसऱ्या हाताने व्हॉल्व्ह फिरवतो. बॅचमधल्या एका प्लंबरचा मोबाईल असाच टाकीत पडला. तो दुरुस्त झाला, पण मधल्या दोन दिवसांत ज्यांनी फोन लावले, ते दुसऱ्याकडे गेले ते गेलेच.

आणि १२ ऑक्टोबर २०२० आठवतोय? सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद. लोकल जागच्या जागी उभ्या. बाहेर लख्ख ऊन, पण आमच्या इमारतीच्या आतल्या जिन्यात काळोख. सगळे मोबाईल पेटवून खाली उतरत होते, आणि नेमकं त्याच दिवशी मोबाईलचं चार्जिंग सोन्याच्या भावाचं होतं.

तर बॅटरी घ्यायची, हे ठरलं. आता कोणती?

लुमेनचा हिशोब

दुकानात जा किंवा ऑनलाइन बघा, सगळ्यात मोठ्या अक्षरात लुमेन लिहिलेले असतात. लुमेन म्हणजे एकूण किती उजेड बाहेर पडतो, त्याचं माप. घरातल्या ९ वॉटच्या एलईडी बल्बचा खोका काढा, त्यावर साधारण ८०० ते ९०० लुमेन लिहिलेलं सापडेल. म्हणजे एका वॉटला ढोबळमानाने १०० लुमेन. एवढा एक आकडा डोक्यात ठेवलात तरी निम्मी फसवणूक जागेवरच पकडाल.

अंगठ्याएवढ्या बॅटरीवर '५०,००० लुमेन' लिहिलंय? भागिले १००. झाले ५०० वॉट. ५०० वॉटचा घरातला मिक्सर असतो! चटणी वाटून झाल्यावर तो किती तापतो ते हात लावून बघा. तेवढी शक्ती बोटभर नळीत मावत नाही, आणि मावली तर ती नळी हातात धरवणार नाही.

बरं, चांगल्या कंपनीच्या छोट्या बॅटरीवर १,००० लुमेन लिहिलेलं खरंही असू शकतं. पण किती वेळ? १,००० लुमेन म्हणजे १० वॉट, आणि एवढ्याशा अंगाला ती उष्णता बाहेर टाकता येत नाही. म्हणून मिनिट-दोन मिनिटांत आतलं सर्किट स्वतःच उजेड कमी करतं. बिघाड नाही तो, तशीच रचना असते. पैसे मात्र आपण त्या पहिल्या मिनिटाचे मोजलेले असतात.

'किती तास चालते' हा आकडाही असाच फसवा. बॅटऱ्या मोजण्याचं एफएल-१ नावाचं एक अमेरिकन मानक आहे, चांगल्या कंपन्या त्यानुसार आकडे देतात. त्यात उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. म्हणजे '४ तास' लिहिलेल्या बॅटरीचे शेवटचे तीन तास मिणमिणते असू शकतात, आणि तरी कंपनी खोटं बोललेली नसते. अंतराचंही तेच. '१५० मीटर' म्हणजे १५० मीटरवर पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पोचतो, एवढंच. तिथली मोटारची नंबर प्लेट वाचता येईल असं नाही.

मग लागतो किती उजेड? हाताच्या अंतरावरचं काम असेल, म्हणजे पॅनेल, गाडीचं बोनेट, सिंकखालचा पाइप, तर ५० ते १०० लुमेन पुष्कळ. जास्त असला तर पांढऱ्या भिंतीवरून उलटा डोळ्यांत येतो. गोदामाचा कोपरा, सोसायटीचं आवार, नावडे फाट्याकडून आत येणारा अंधारा रस्ता, यासाठी ३०० पर्यंत. त्याच्या वरचं सगळं हौसेचं. आणि सगळ्यात खालची पायरी ५-१० लुमेनची असावी. हे कुणी विचारत नाही, पण वीज गेल्यावर दुकानात गल्ला मोजायला किंवा रात्री घरच्यांची झोप न मोडता किल्ली शोधायला तीच कामाला येते.

सेल आधी, बॅटरी नंतर

माझं सरळ मत आहे: बॅटरी निवडूच नका, आधी सेल निवडा.

साधा पेन्सिल सेल, म्हणजे डबल-ए, रिचार्जेबल घेतला तर १.२ व्होल्टचा आणि साधारण २,००० एमएएचचा असतो. गुणाकार करा, सुमारे २.४ वॉट-तास. १०० लुमेनला एक वॉट, म्हणजे दोन तासांच्या आसपास सलग उजेड. छोट्या धंदेवाल्याच्या दिवसाला एवढं पुरतं, कारण आपण बॅटरी सलग लावतच नाही, अर्धं मिनिट, एक मिनिट अशीच लावतो. शिवाय हा सेल संपला तर स्टेशनजवळच्या टपरीवर रात्री नऊलाही दुसरा मिळतो. ही सोय कुठल्याच खोक्यावर लिहिलेली नसते.

दुसरा प्रकार लिथियमचा, १८६५०. नावातच माप आहे: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. ३.७ व्होल्ट आणि २,५०० एमएएच धरले तर नऊ वॉट-तासांच्या वर, म्हणजे पेन्सिल सेलच्या जवळजवळ चौपट. रात्रपाळी करणारा किंवा दिवसभर डक्टमध्ये शिरणारा माणूस असेल तर त्याने हाच घ्यावा. फक्त सेलवर '९,९००' लिहिलेलं दिसलं की परत ठेवा. चांगल्या कंपन्यांचे या मापाचे सेल ३,५०० च्या आसपास थांबतात. अजून एक खूण म्हणजे वजन. खरा सेल साधारण ४५ ग्रॅम भरतो. सराफाकडे किंवा मसाल्याच्या दुकानात काटा असतोच, टाकून बघा. फारच हलका निघाला तर आत काय आहे ते समजून जा. लिथियम सेलला भारतात बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. सेलवर किंवा खोक्यावर 'आयएस १६०४६' आणि 'आर'ने सुरू होणारा नंबर शोधा, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. खिशात मांडीला लागून फिरणारी वस्तू आहे, एवढा त्रास घ्याच.

एक घोटाळा मुद्दाम सांगतो. १४५०० नावाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेल, पण ३.७ व्होल्टचा. साध्या सेलच्या बॅटरीत तो घातला तर सर्किट जळू शकतं. दोन्ही चालतात असं बॅटरीवर लिहिलं असेल तरच घाला.

आत कायमचा बसवलेला सेल असलेल्या यूएसबी बॅटऱ्या स्वस्त आणि सुटसुटीत असतात. पण दोन-तीन वर्षांनी सेल दमला की सगळी बॅटरीच कचऱ्यात. सेल बाहेर निघतो अशी मिळत असेल तर शंभर-दीडशे जास्त द्या. टाइप-सी पोर्ट असेल तर दुकानातच केबल लावून बघा. काही स्वस्त बॅटऱ्या दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर चार्जच होत नाहीत, त्यांना जुन्या चौकोनी टोकाचीच केबल लागते.

आता उजेडाच्या रंगाकडे वळू. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावर पिवळसर फॉस्फरचा थर देऊन पांढरा उजेड काढतात. (निळ्या एलईडीसाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते उगाच नाही.) स्वस्त बॅटरीत हा समतोल नीट नसतो, उजेड निळसर पडतो आणि त्यात लाल वायर तपकिरी दिसते, तपकिरी काळी. किराणा दुकानदाराचं यात काही अडत नाही. इलेक्ट्रिशियनचा मात्र जीव आहे यात. घेताना लाल, तपकिरी आणि काळ्या वायरचे तुकडे खिशात न्या, उजेड टाका, ओळखता आले तर घ्या. खोक्यावर सीआरआय ९० असेल तर रंग चांगले दिसतील असं समजा.

पुढे-मागे सरकवून झूम होणाऱ्या बॅटरीच्या मी विरोधात आहे. झूम केलं की भिंतीवर एलईडीचा चौकोनच पडतो, आजूबाजूचं काही दिसत नाही, आणि सरकत्या तोंडातून पाणी आत जातं. बटणाचंही बघून घ्या. काही बॅटऱ्यांत बंद करायला पूर्ण, मंद, लुकलुक, पुन्हा लुकलुक असा सगळा प्रवास करावा लागतो. शिडीवर उभं राहून हे करून बघा म्हणजे कळेल. पहिल्या दाबात मंद किंवा मध्यम उजेड, धरून ठेवलं की बंद, एवढं बास. मागे चुंबक असेल तर बॅटरी शटरला किंवा पॅनेलच्या दाराला चिकटते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये काम करणाऱ्यांनी मात्र चुंबक टाळावा, संध्याकाळपर्यंत त्यावर लोखंडाच्या किसाची दाढी उगवते.

पावसाळ्यासाठी आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे चालतील, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल. आपल्याकडे चार महिने काय पडतो ते माहीत आहे, सात असेल तर उत्तम. पाऊस आला की गोणपाटाखाली, विटांच्या ढिगात, मीटरच्या पेटीत हात घालण्याआधी उजेड टाकायची सवय लावा. मण्यार रात्रीच बाहेर पडते, आणि लाल विंचवाचं विष काय करतं हे आपल्याच रायगडात, महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी आयुष्यभर अभ्यासून जगाला सांगितलं आहे. काही छोट्या बॅटऱ्यांत जांभळा, म्हणजे यूव्ही एलईडीही असतो. त्यात विंचू हिरवट चमकतो. गोदाम असेल तर हा जास्तीचा एलईडी मी फालतू म्हणणार नाही.

तळोज्यात कामं घेणाऱ्यांनो, हे नीट वाचा

त्या इलेक्ट्रिशियन भाऊंचा मोबाईल गेटवर ठेवून घेतला, त्यामागे एक कारण हेही असतं की सॉल्व्हंटची वाफ असलेल्या भागात साधं विजेचं उपकरण ठिणगी टाकू शकतं. मग साधी बॅटरी तरी वेगळी कुठे? बटण दाबताना, सेल हलताना तिथेही बारीक ठिणगी पडू शकते. अशा भागासाठी 'इन्ट्रिन्सिकली सेफ' बॅटरी लागते, म्हणजे बिघाड झाला तरी पेट घेण्याइतकी ऊर्जा तिच्यातून बाहेर पडणार नाही अशी रचना केलेली. आपल्याकडे अशा उपकरणांना पेसो ही संस्था मान्यता देते, तिचं मुख्यालय नागपूरला आहे. ही बॅटरी हजारांत जाते, ती तुम्ही विकत घेऊ नका. वर्क परमिट घेताना सेफ्टी ऑफिसरला विचारा, "आत कुठली बॅटरी चालते? कंपनी देते का?" असं विचारणाऱ्या कंत्राटदाराला कुणी अडाणी समजत नाही. आणि तुमची चारशेची बॅटरी ऑफिसात, कँटीनमध्ये, गेटबाहेरच्या केबिनमध्ये वापरा. प्लांटमध्ये ती मोबाईलच्याच खोक्यात ठेवा.

बजेटचं विचाराल तर एका डबल-ए सेलची, क्लिपवाली, धातूची बॅटरी, दोन रिचार्जेबल सेल आणि चार्जर, हे सगळं हजार-बाराशेत बसवायचा प्रयत्न करा. एक सेल बॅटरीत, दुसरा चार्ज करून पाकिटात. साधे सेल वापरत असाल तर बॅटरी महिनोन् महिने पडून राहणार असताना ते काढून ठेवा, नाहीतर गळून आतली स्प्रिंग खातात.

बिल घ्या. जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर तुमचा नंबर टाकून घ्या, धंद्याचं अवजार आहे, इनपुट क्रेडिट मिळतं. कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिट नाही, पण वॉरंटीला बिल लागतंच. दुकानाचं बिल थर्मल कागदावर असतं, सहा महिन्यांत अक्षरं उडतात. त्या दिवशीच फोटो काढून ठेवा.