बुंध्याशी लपलेली खूण

युरोपातल्या ओक-बीचच्या रानात उगवणारी ‘डेथ कॅप’ ही अळंबी दिसायला अगदी साळसूद. फिकट हिरवट-पिवळी टोपी, खाली पांढरे पडदे, दांड्याला झालरीसारखं कडं. पावसानं रंग उतरला की टोपीही जवळजवळ पांढरी दिसते. खरी खूण मातीत असते : बुंध्याभोवतीची पांढरी पिशवी. वरच्यावर खुडणाऱ्याला ती दिसतच नाही. बुंधा उकरूनच पाहावा लागतो. विषारी अळंबी ओळखायला चांदीचं नाणं काळं पडतं का बघायची युक्ती निव्वळ भाकडकथा. हिचं विष शिजवूनही जात नाही, आणि चव म्हणे छान! उलट्या-जुलाब सुरू होतात ते साधारण 6 ते 12 तासांनी. मग दिवसभर बरं वाटतं, आणि तेव्हाच आत यकृत निकामी होत असतं.