नळाची धार बारीक का झाली?

समजा, मे महिन्यातील पहाट आहे. दादीजान वजू करण्यासाठी नळ उघडतात. रोज जोराने पडणारी धार आज सुतासारखी बारीक झाली आहे. अब्बा म्हणतात, "मोटार कमजोर झाली. मोठी मोटार आणू." चाचा म्हणतात, "विहीरच आटली. आता बोअर घेऊ." दोन्ही उपाय हजारो रुपयांचे आहेत, पण दोष कोठे आहे, हे अजून कोणी पाहिलेले नाही.

मुलांनो, डॉक्टर आधी रोग्याला तपासतात आणि मग औषध देतात. पाण्याच्या बाबतीतही तसेच करावे. आपल्या अनेक घरांत विहिरीचे पाणी मोटारीने गच्चीवरील टाकीत चढवतात आणि टाकीतून ते नळांना येते. म्हणजे पाण्याच्या वाटेचे दोन भाग आहेत. पहिला विहिरीपासून टाकीपर्यंत आणि दुसरा टाकीपासून नळापर्यंत. प्रथम गच्चीवरील टाकीत पाणी किती आहे, ते घरातील मोठ्या माणसांना पाहायला सांगा. टाकी भरलेली असून धार बारीक असेल, तर दोष दुसऱ्या भागात आहे. टाकी रिकामी असेल किंवा भरायला फार वेळ लागत असेल, तर दोष पहिल्या भागात आहे. एवढ्या एका तपासणीने अर्धे काम होते.

आता एक मोजमाप करा. 10 लिटरची बादली नळाखाली ठेवा व ती किती वेळात भरते, ते घड्याळात पाहा. 50 सेकंदांत भरली, तर नळाला मिनिटाला 12 लिटर पाणी येते. 100 सेकंद लागले, तर 6 लिटरच येते. हे आकडे वहीत लिहून ठेवा. दुरुस्तीनंतर पुन्हा मोजा, म्हणजे फरक पडला की नाही, ते कळेल.

प्रथम दुसरा भाग तपासू या. एकाच नळाची धार बारीक असेल, तर दोष त्या नळातच असतो. काही नळांच्या तोंडाशी बारीक जाळी असते. तिच्यात वाळू व क्षार अडकतात. जाळी काढून जुन्या ब्रशने घासा. पांढरा थर बसला असेल, तर ती थोडा वेळ लिंबाच्या रसात ठेवा. या दुरुस्तीला एक पैसाही लागत नाही.

घरातील सर्वच नळ मंद असतील, तर टाकीच्या तोंडाजवळचा कॉक पूर्ण उघडा आहे का, ते पाहायला सांगा. टाकीच्या तळाशी गाळ साचून नळीचे तोंड बुजते. जुन्या लोखंडी नळीत गंज व क्षार साचतात, त्यामुळे ती आतून अरुंद होते. कधी कधी टाकी पूर्ण रिकामी झाल्यावर नळीच्या उंच वळणावर हवा अडकून बसते. अशा वेळी टाकी भरून सर्व नळ थोडा वेळ उघडे ठेवावेत. नळ फुसफुस आवाज करतात, हवा निघून जाते आणि धार पूर्ववत होते.

पण पाण्याला जोर येतो कोठून? तो उंचीमुळे येतो. छत्रपती संभाजीनगर म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद. तेथील पाणचक्की तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. दूरच्या उंच भागातील विहिरीचे पाणी तेथे मातीच्या नळांतून आणले होते. उंचावरून आलेल्या त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरत असे. त्या काळी विजेची मोटार नव्हती. उंचीनेच ते काम केले. आपल्या टाकीचेही तसेच आहे. पाण्याची पातळी नळाच्या 10 मीटर वर असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलोग्रॅम दाब मिळतो. ती 3 मीटर वर असेल, तर सुमारे 0.3 किलोग्रॅमच मिळतो. म्हणून वरच्या मजल्यावरील नळांना पाणी मंद येते व खालच्या मजल्यावर जोरात येते. मोटार टाकी भरते. नळाला जोर टाकी देते. मोठी मोटार आणली, तर टाकी लवकर भरेल, पण नळाचा जोर वाढणार नाही!

आता पहिला भाग पाहू या. मोटारीचे काम मोठ्या माणसांनी किंवा कारागिरानेच करावे. हात लावण्यापूर्वी विजेचा मुख्य खटका बंद करावा. विहिरीत कोणीही घाईने उतरू नये. खोल विहिरीत कधी कधी घातक वायू साचलेला असतो.

मोटार वर जमिनीवर असेल, तर पंपाची एक नळी विहिरीत सोडलेली असते. तिच्या टोकाला जाळी व झडप असते. तिला फूट व्हॉल्व्ह म्हणतात. ही झडप पाणी वर येऊ देते, पण खाली परत जाऊ देत नाही. झडपेत काडीकचरा अडकला, की नळीतील पाणी खाली उतरते आणि पंपात हवा भरते. मग मोटार फिरते, पण पाणी उचलत नाही. अशी कोरडी मोटार चालू ठेवली, तर पंप तापून खराब होतो.

विहिरीतील नळीला बारीक भोक पडले, तर ते पटकन दिसत नाही. मोटार चालू असताना तेथून पाणी गळत नाही; उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. टाकीत पाणी बुडबुड्यांसह, थांबून थांबून पडू लागले, तर हा दोष असू शकतो. कारागीर नळीच्या सांध्यांवर साबणाचा फेस लावतो. जेथे फेस आत ओढला जातो, तेथे गळती आहे असे समजावे. विजेचा दाब कमी असला, तरीही मोटार मंद चालते. दिवे मिणमिणत असतील, तर मोटार बंद ठेवणेच बरे.

एवढे करूनही पाणी येत नसेल, तर विहिरीची पातळी मोजावी. वरचा पंप पाणी ओढतो म्हणजे नळीतील हवा काढून घेतो. मग विहिरीतील पाण्यावर असलेला हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हा दाब पाण्याला सुमारे 10 मीटरपेक्षा जास्त वर ढकलू शकत नाही. प्रत्यक्षात 6 ते 7 मीटरच्या पुढे पंप नीट चालत नाही. उन्हाळ्यात पाणी त्याहून खाली गेले, की विहिरीत पाणी असूनही मोटार हरते. अशा वेळी पंप खाली घ्यावा लागतो किंवा पाण्यात बुडून चालणारी मोटार लावावी लागते.

महाराष्ट्राच्या मोठ्या भागात जमिनीखाली काळा खडक आहे. त्याच्या भेगांतून झरे हळूहळू पाझरतात. झरे जेवढे देतात, त्यापेक्षा जास्त उपसा केला, तर विहीर रिकामी होणारच. येथे मोठी मोटार तर विहिरीला आणखी लवकर कोरडी करील. थोडा उपसा करावा, मग विहिरीला काही तास विश्रांती द्यावी. पावसाळ्यात छपरावरचे पाणी गाळून विहिरीजवळच्या जमिनीत मुरवावे.

तेव्हा मुलांनो, घरात पुन्हा नळ मंदावला, तर आधी टाकी पाहा, मग बादली व घड्याळ घ्या आणि क्रमाने तपासा. कदाचित जाळीतील चिमूटभर वाळू काढल्याने दादीजानचा लोटा पूर्वीसारखा लवकर भरेल. आणि दोष विहिरीतच असेल, तर शेजारच्या विहिरीही त्याच खडकातील पाण्यावर भरतात, हे विसरू नका.