हापूसच्या परदेशवारीचा हिशेब

२०२३-२४ मध्ये भारतातून ३२,१०४ टन ताजा आंबा परदेशी गेला. त्याचे मोल ४९५ कोटी रुपये. आधीच्या वर्षी २२,९६४ टन आणि ३७८ कोटी. वजन ४० टक्क्यांनी वाढले, पैसा ३१ टक्क्यांनी; किलोमागे १६५ रुपयांचे १५४ झाले. यात केशर, बैंगनपल्लीही आले. पण रत्नागिरीच्या बागायतदाराने पाहायचे ते हे, की आंबा खातो कोण.

एप्रिल ते ऑगस्ट २०२३ मध्ये २७,३३० टन आंबा निर्यात झाला. अमेरिकेला २,०४३ टन. जपानला ४३ टन, दक्षिण कोरियाला १८. अमेरिकेत भारतीय वंशाचे सुमारे ५० लाख लोक आहेत. सगळा आंबा त्यांनीच खाल्ला असे धरले, तरी माणशी ४०० ग्रॅम, म्हणजे दोनेक फळे. जपानमधल्या सुमारे ५० हजार भारतीयांच्या वाट्याला माणशी ८६० ग्रॅम. जपानी माणसाने एकही फळ उचलले नाही, तरी हिशेब जुळतो.

अमेरिका वर्षाला पाच लाख टनांहून जास्त आंबा आयात करते, त्यातला निम्म्याहून जास्त मेक्सिकोचा. २०२३ मध्ये भारताचा वाटा अर्ध्या टक्क्याहून कमी होता. तिथल्या गिऱ्हाइकाला ठाऊक असलेला आंबा म्हणजे लालसर, टणक टॉमी अ‍ॅटकिन्स. पिवळा, हाताला मऊ लागणारा हापूस त्याला उतरलेला वाटला तर नवल नाही.

आजवर देशागणिक बदलली ती फक्त कीड रोखण्याची प्रक्रिया. १८ वर्षांच्या बंदीनंतर २००७ मध्ये अमेरिका उघडली, ती किमान ४०० ग्रे विकिरणाच्या अटीवर. जपानने २००६ मध्ये २० वर्षांची बंदी उठवली; तिथे ४७.५ अंशांची बाष्पप्रक्रिया, २० मिनिटे. युरोपने मे २०१४ मध्ये फळमाशीमुळे दार लावले, २०१५ च्या सुरुवातीला उघडले. त्यांच्यासाठी ४८ अंशांचे पाणी, ६० मिनिटे. यांतले काहीही दुकानातल्या फळीवर दिसत नाही. २०१८ चे भौगोलिक मानांकन रत्नागिरीसह पाच जिल्ह्यांचे नाव राखते, पण ज्याला हापूस माहीत आहे त्याच्यापुरतेच.

२०२१-२२ मध्ये २७,८७३ टनांना किलोमागे ११७ रुपये मिळाले होते. पुढच्या वर्षी माल १८ टक्क्यांनी घटला आणि दर १६५ वर गेला. त्यानंतर माल वाढला, दर उतरला. विमानभाडे आणि डॉलर यांचाही यात हात असतो. तरी खाणारी तोंडे तेवढीच असली की दर असाच हलतो.